दुखते कुठे, ते बोटाने दाखवा

दवाखान्यात दिवसभरात सर्वात जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर मी सांगेन, "डॉक्टर, अंग दुखते." ताप-खोकल्याला ऋतू असतो, अंगदुखीला नसतो. पाठ, कंबर, मान, खांदे, गुडघे, टाचा यांपैकी काही ना काही दुखतच असते. पावसाळ्यात दुखणे वाढते असे रुग्ण सांगतात, पण उन्हाळा आला म्हणून ते संपलेले मी पाहिलेले नाही.

माझा दवाखाना मुंबईत शीव कोळीवाड्यात आहे. शीव म्हणजे वेस. जुन्या मुंबई बेटाची हद्द येथे संपत असे आणि पलीकडे साष्टी सुरू होई. येथील मूळ रहिवासी कोळी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांची वसाहत येथे झाली. हार्बर मार्गावरच्या स्टेशनचे कोळीवाडा हे नाव बदलून गुरू तेगबहादूर नगर झाले, पण जुनी माणसे अजून कोळीवाडाच म्हणतात. त्याशिवाय कोकणातून, घाटावरून पोटापाण्यासाठी आलेली मंडळी आहेतच. मासळीची पाटी डोक्यावर वाहणारी बाई, बारा तास टॅक्सी चालवणारे सरदारजी, वाकून धुणीभांडी करणारी बाई, संगणकापुढे बसणारा तरुण असे नाना व्यवसायांचे रुग्ण एकाच बाकावर बसलेले असतात. आपल्या गावी हीच मंडळी भातलावणीत, ऊसतोडीत, यंत्रमागावर किंवा विडीच्या सुपापुढे दिसतील. पाठ सगळीकडे सारखीच दुखते.

अशा रुग्णाला मी प्रथम सांगतो, "दुखते कुठे, ते एका बोटाने दाखवा." दुखणे आठ-दहा दिवसांचे असेल तर बोट नेमके जागेवर जाते. दुखणे पाच-सात वर्षांचे असेल तर बोट जात नाही. आधी तळवा फिरतो, मग दोन्ही हात फिरतात आणि शेवटी उत्तर येते, "सगळीकडेच." या दोन उत्तरांतील फरकाला वैद्यकशास्त्रात अलीकडे बरेच महत्त्व आले आहे. आज त्याचीच माहिती घेऊ.

जुने दुखणे म्हणजे काय?

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या वेदनेला डॉक्टर जुनी वेदना म्हणतात. साधी जखम, लचक किंवा मुरगळ सहसा या मुदतीत भरून येते. त्यानंतरही वेदना राहिली तर दोन शक्यता असतात. एक तर संधिवातासारखे किंवा मधुमेहातील नसांच्या विकारासारखे कारण चालूच आहे, किंवा मूळ कारण बरेचसे मिटले आहे आणि वेदनेची यंत्रणा मात्र जागीच राहिली आहे. चोर निघून गेला तरी गावातील कुत्री रात्रभर भुंकत राहतात, तसा हा प्रकार आहे. पुष्कळ रुग्णांत दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या असतात.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली. वेदना हा शरीराचा आणि मनाचा मिळून अप्रिय अनुभव आहे आणि शरीराला प्रत्यक्ष इजा दिसत नसली तरी तो अनुभव येऊ शकतो, असा तिचा आशय आहे. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत जुन्या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. म्हणजेच फोटोत काही दिसत नाही म्हणून दुखणे खोटे, असे म्हणण्याची सोय आता कोणालाही राहिलेली नाही.

याची उलट बाजूही लक्षात ठेवावी. फोटोत दिसते तेच दुखण्याचे कारण असते असेही नाही. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या मणक्यांच्या चित्रांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतील सुमारे ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्या झिजू लागलेल्या दिसल्या, तर ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांच्या. जसे केस पिकतात तशा चकत्याही झिजतात. "गादी सरकली आहे" हे शब्द ऐकून जन्मभर वाकणेच सोडून दिलेले रुग्ण मी पाहतो. त्यांचे निम्मे दुखणे त्या शब्दांचेच असते.

अंगाचे भान

रात्री दिवे गेले तरी आपण अंधारात जिना उतरतो, तोंडात घास घालतो, पाठीवर बसलेला डास नेमका मारतो. आपला हात कुठे आहे, गुडघा किती वाकला आहे, हे न पाहता कळते. पाच ज्ञानेंद्रियांत या जाणिवेची गणना होत नाही. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली तिला स्वतंत्र शास्त्रीय नाव दिले. स्नायू, सांधे आणि त्वचा यांतून येणारी ही खबर, तिच्या जोडीला भूक, श्वास, छातीची धडधड, लघवीची भावना अशी आतून येणारी खबर, या सर्वांतून आपल्याला स्वतःच्या शरीराची जी जाणीव होते तिला आपण 'अंगाचे भान' म्हणू.

हे भान मेंदूत नकाशासारखे मांडलेले असते. कॅनडातील मेंदूशल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ साली हा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात ओठ आणि बोटे यांना भरपूर जागा, तर पाठीला अगदी थोडी. गावच्या नकाशात बाजारपेठ मोठी काढावी आणि माळरान एका रेघेत आटोपावे, तसेच हे. म्हणून बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतराने टेकवलेली दोन टोके वेगळी कळतात, पण कंबरेवर तीच टोके सुमारे चार ते सहा सेंटिमीटर दूर नेल्याशिवाय दोन आहेत हे कळत नाही. निरोगी माणसाचेही असेच असते.

जुन्या दुखण्यात हा नकाशा आणखी पुसट होतो, असे दिसून आले आहे. ऑस्ट्रेलियातील लॉरिमर मोझली यांनी २००८ साली जुन्या पाठदुखीच्या मोजक्या रुग्णांना, आरशात न पाहता आणि हात न लावता, स्वतःची पाठ जशी जाणवते तशी कागदावर काढायला सांगितली. जेथे दुखत होते तेथेच रुग्णांची रेघ अडखळली. तेथला भाग आपल्याला सापडतच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आणि नेमक्या त्याच जागी दोन टोके वेगळी ओळखण्याची शक्तीही कमी झालेली आढळली. दुखते भरपूर, पण जागा सापडत नाही, ही रुग्णाची तक्रार अशी मोजमापात उतरली. नकाशा पुसट झाल्यामुळे वेदना टिकते की वेदनेमुळे नकाशा पुसट होतो, याचा निर्णय अजून झालेला नाही. दोन्ही एकमेकांना पोसत असावेत, असा माझा अनुभव आहे.

कुष्ठरोगाने दिलेला धडा

आमच्या भागापासून जवळच, वडाळ्याला ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. मुंबईचे त्या वेळचे पालिका आयुक्त एच. ए. ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली ते सुरू झाले. मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ॲकवर्थ ते हेच. कुष्ठरोगात नसा बधिर होतात आणि वेदना जाणवत नाही. चुलीवरचे भांडे हाताला भाजते, खडा टाचेत रुततो, पण कळत नाही. बोटे झडतात ती रोगाने नव्हे, तर न दुखल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांनी, हे वेल्लोरचे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. वेदना ही शिक्षा नसून राखणदार आहे, हे यावरून कळते.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत कुष्ठरोग तंत्रज्ञांनी वर्षानुवर्षे एक साधी तपासणी केली. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे, बॉलपेनच्या टोकाने हलका स्पर्श करायचा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगायचे. खर्च काही नाही. मधुमेहाच्या रुग्णाचे पाऊल नायलॉनच्या तंतूने तपासतात, ते याच जातीचे. जुन्या दुखण्यात अंगाचे भान तपासण्याची पद्धत याहून फार निराळी नाही. फरक एवढाच की तेथे वेदना हरवलेली असते, येथे ती उतू जात असते. स्पर्शाची बारीक ओळख मात्र दोन्हीकडे कमी होऊ शकते.

तपासणी कशी करतात?

पहिली पायरी कागदाची. माणसाच्या आकृतीची पुढची व मागची बाजू छापलेला कागद देऊन दुखणारा भाग रंगवायला सांगतात. कोणी रुपयाएवढा ठिपका काढतो, कोणी सगळी आकृती रंगवतो. मग त्याच रुग्णाला स्वतःच्या पाठीची बाह्यरेषा काढायला सांगतात.

दुसरी पायरी स्पर्शाची. पाठीवर पेनाने नऊ ठिपके काढून त्यांना क्रमांक देतात. रुग्णाच्या हातात तशाच आकृतीचा कागद असतो. ठिपक्याला स्पर्श केला की त्याने क्रमांक सांगायचा. दुखरी बाजू आणि न दुखणारी बाजू यांची तुलना महत्त्वाची. दोन टोकांची परीक्षा आणि त्वचेवर बोटाने लिहिलेला आकडा ओळखण्याची परीक्षा याच वेळी होते.

तिसरी पायरी हालचालीची. डोळे मिटून मान उजवीकडे वळवा, परत नेमकी मध्ये आणा. बसल्या जागी कंबर पुढे झुकवा, मग पहिल्या जागी न्या. पुष्कळ रुग्ण मध्य सोडून भलतीकडेच थांबतात आणि आपण सरळ बसलो आहोत अशी त्यांची खात्री असते. हातापायांची किंवा वळलेल्या धडाची चित्रे दाखवून ते उजवे की डावे हे चटकन सांगायला लावण्याचीही पद्धत आहे. ते ओळखताना मेंदूला मनातल्या मनात तो अवयव हलवून पाहावा लागतो.

चौथी पायरी प्रश्नांची. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल येथे २०१४ साली पाठीच्या भानाविषयी नऊ प्रश्नांची यादी तयार झाली. पाठ आपल्या शरीराचा भाग नसल्यासारखी वाटते का, ती नेमकी कशी हलते ते कळते का, ती सुजल्यासारखी, आक्रसल्यासारखी किंवा वाकडी झाल्यासारखी भासते का, असे हे प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. एकूण ३६ पैकी गुण जितके जास्त तितके भान विस्कटलेले.

या परीक्षांत नापास झाला म्हणून रुग्ण खरा आणि पास झाला म्हणून खोटा, असा अर्थ कोणी काढू नये. ताप मोजावा तशी ही मापे काटेकोर नाहीत. थकवा, वय, मधुमेह यांनीही उत्तरे बदलतात. उपचार कोठून सुरू करावेत एवढाच इशारा त्यांतून घ्यायचा असतो.

शब्दही तपासणीच

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत वेदनेचे वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द होते. आपली मराठी या बाबतीत मुळीच गरीब नाही. ठणकते, सलते, टोचते, कळ येते, चमक मारते, सणक जाते, आग होते, मुंग्या येतात, बधिर वाटते, रग लागते, ओढ लागते, गोळा येतो, उसण भरते, जड वाटते, कसकसते. यांतील प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळी वाट दाखवतो. आग, मुंग्या आणि विजेसारखी चमक म्हटले की नसेचा विचार करावा. रग आणि ओढ बहुधा स्नायूंची असते. सकाळी उठताना अर्धा-पाऊण तास सांधे आखडलेले असतील तर संधिवात पाहावा. ठणका असेल तर सूज किंवा पू शोधावा.

म्हणून वाचकांना विनंती आहे की दवाखान्यात जाऊन "पेन होते" एवढ्यावर थांबू नका. घरी आजी ज्या शब्दांत दुखणे सांगते त्याच शब्दांत सांगा.

लक्ष वेगळे, धास्ती वेगळी

येथे एक शंका स्वाभाविक आहे. दुखणेकरी माणूस तर दिवसभर दुखण्याकडेच लक्ष देऊन असतो. त्याला अंगाचे आणखी कसले भान शिकवायचे?

या शंकेचे उत्तर अमेरिकेतील डॉ. वुल्फ मेहलिंग यांच्या कामात मिळते. त्यांनी २०१२ साली ३२ प्रश्नांची, आठ विभागांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. अंगातील जाणीव लक्षात येते का, हा एक विभाग. ती अप्रिय असली तर माणूस तिच्यापासून पळतो का, हा दुसरा. ती जाणवली की काळजीने घाबरतो का, हा तिसरा. लक्ष असणे आणि धास्ती असणे या दोन गोष्टी त्यांनी अशा वेगळ्या मोजल्या.

आपल्याकडे मला दोन टोकांची माणसे भेटतात. एक धास्ती घेणारा. कंबरेत चमक आली की त्याला अंथरुणाला खिळलेला भाऊबंद आठवतो. तो वाकत नाही, उचलत नाही, हळूहळू चालणेही सोडतो. दुसरा अंगावर काढणारा. 'दुखणे अंगावर काढणे' हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग मोठा बोलका आहे. विशेषतः घरातील बायका वर्षानुवर्षे अंगाची खबर ऐकूनही न ऐकल्यासारखे करतात. बरे वाटले त्या दिवशी चार दिवसांचे काम एकदम उरकतात आणि पुढचे दोन दिवस आडव्या पडतात. पहिल्याला अंगाची एकच खबर ऐकू येते, ती म्हणजे धोक्याची. दुसऱ्याला धोक्याची घंटा वाजेपर्यंत काहीच ऐकू येत नाही. दोघांनाही मधल्या जाणिवा, म्हणजे ताण, शीण, आखडलेपणा, सैलपणा, कळेनाशा झालेल्या असतात.

एका मावशींची गोष्ट

वस्तीतल्या एक कोळी मावशी नऊ वर्षे कंबरदुखीने हैराण होत्या. पहाटे ससून डॉकवरून मासळी आणायची आणि दुपारपर्यंत बाजारात बसून विकायची, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. दोन वेळा फोटो काढून झाले होते. त्यांत वयाप्रमाणे झीज होती, घाबरण्यासारखे काही नव्हते. औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज चालू होती. घरात मात्र कुजबुज सुरू झाली होती. कोणतीच तपासणी काही दाखवत नाही म्हटल्यावर मुलाला वाटे, आईला आता बाजारात बसायचे नाही, म्हणून ही कुरकुर.

दुखते कुठे, या प्रश्नावर मावशींचे उत्तर ठरलेले होते. "सगलीच पाठ दुकते डॉक्टर, कुठं म्हनून दाखवू?" सून सोबत आली होती. तिच्यासमोरच मी नऊ ठिपक्यांची परीक्षा घेतली. खांद्याखालच्या ठिपक्यांना मावशी बरोबर क्रमांक सांगत होत्या. कंबरेच्या डाव्या बाजूला आल्यावर निम्म्याहून अधिक उत्तरे चुकली. एकदा तर मी डावीकडे स्पर्श केला आणि त्या मणक्याच्या उजवीकडचा क्रमांक सांगून बसल्या. अंगठ्याने गलफडे उचलून मासा कालचा की आजचा हे सांगणाऱ्या बाईला स्वतःच्या कंबरेवरची जागा ओळखता येत नव्हती. सून बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे यांना खरंच काहीतरी होतंय."

त्यात मावशींच्या सच्चेपणाचा पुरावा शोधू नये, हे मी तिला लगेच समजावले. तरीही घरातील वातावरण त्या दिवशी बदलले, हे नाकारता येत नाही. नऊ वर्षांत प्रथमच त्यांच्या दुखण्याची बाजू डोळ्यांना दिसली होती.

मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली. सुदैवाने बिघाड नव्हता. रोजच्या गोळ्यांनी जठराला जखमा आणि मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते, हे सांगून गोळी टप्प्याटप्प्याने कमी केली. सुनेला रोज दहा मिनिटांचा स्पर्शाचा सराव शिकवला. फिजिओथेरपिस्टकडून कंबरेच्या साध्या हालचाली शिकवून घेतल्या. बाजारात दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालायचे ठरले. सुमारे दोन महिन्यांनी मावशी आल्या तेव्हा दुखणे पूर्ण गेलेले नव्हते. पण त्यांनी हात मागे नेऊन एका बोटाने जागा दाखवली. गोळी आठवड्यात एखाद्याच वेळी लागत होती आणि बाजारातली जागा त्यांनी सोडली नव्हती.

नसलेला पाय दुखतो

अंगाचे भान मेंदूत असते याचा सर्वात ठळक पुरावा अवयव गमावलेल्या माणसांत मिळतो. लोकलच्या अपघातात पाय गेलेले तरुण मुंबईत कमी नाहीत. त्यांच्यापैकी अनेक जण सांगतात की नसलेल्या पायाची बोटे मुडपल्यासारखी वाटतात, त्यात गोळे येतात. पाय गेला तरी मेंदूतला पाय जात नाही. भारतात जन्मलेले मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात साध्या आरशाचा उपयोग केला. चांगल्या अवयवाचे प्रतिबिंब गेलेल्या अवयवाच्या जागी दिसेल असा आरसा ठेवायचा आणि चांगला अवयव हलवायचा. काही रुग्णांना यामुळे आराम पडतो, सर्वांना नाही. मेंदूतील नकाशा अशा वेळी विस्कटतो की मुळात टिकूनच राहतो, याविषयी संशोधकांत आजही वाद आहे. असा त्रास असणाऱ्याला "मनाचे खेळ आहेत" असे मात्र कोणी म्हणू नये.

उपायांचा भरवसा किती?

स्पर्श ओळखण्याच्या सरावाबद्दल मोझली व सहकाऱ्यांनी २००८ साली एक मार्मिक गोष्ट दाखवली. हातापायाच्या चिवट वेदनेच्या थोड्या रुग्णांना नुसता स्पर्श केला तर फरक पडला नाही. स्पर्श कुठे आणि कशाचा झाला हे लक्ष देऊन ओळखायला लावले तेव्हा वेदना कमी झाली. पुढे २०२२ साली ऑस्ट्रेलियात जुन्या पाठदुखीच्या २७६ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. भान आणि हालचाल टप्प्याटप्प्याने शिकवलेल्या गटात अठरा आठवड्यांनी वेदना, नकली उपचार घेतलेल्या गटापेक्षा, दहापैकी सरासरी एका गुणाने कमी होती. फायदा खरा, पण माफक. हमखास बरे करतो असे सांगणाऱ्यापासून म्हणूनच दूर राहावे.

आपल्या परंपरेतही या वाटेचे साधन आहे. शवासनात पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेऊन तो सैल सोडायचा असतो. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर शवासनाचा अभ्यास करून तो १९६९ साली प्रसिद्ध केला होता. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ पासून रुग्णालयात अंगावरून असेच लक्ष फिरवण्याचे वर्ग सुरू केले आणि १९८२ साली जुन्या वेदनेच्या ५१ रुग्णांचा अनुभव मांडला. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेचे केंद्र आहे. त्याचे संस्थापक सत्यनारायण गोएंका स्वतः तीव्र अर्धशिशीने गांजलेले होते. केवळ डोकेदुखी घालवण्यासाठी ही विद्या शिकवायला गुरूंनी आधी नकार दिला होता, असे ते सांगत. त्यात आपल्यासाठी एक सूचना आहे. दुखणे गेले का, गेले का, असे तपासत शवासनात पडलात तर भान वाढत नाही, धास्तीच वाढते.

आधी हे पाहा

खालील गोष्टींपैकी एकही असेल तर कोणताही घरगुती सराव न करता त्वरित डॉक्टरांकडे जावे. लघवी-संडासवरील ताबा सुटणे, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातील शक्ती कमी होणे, ताप किंवा वजन घटण्यासह पाठदुखी, रात्री झोपेतून उठवणारे व सतत वाढणारे दुखणे, पडल्यानंतरचे दुखणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो, हे विसरू नये. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात अचानक दुखून घाम आला तर हृदयाचा विचार आधी करावा.

घरी काय करता येईल?

गंभीर काही नाही, अशी डॉक्टरांनी खात्री दिल्यावर पुढील गोष्टी घरीच करता येतात.

१. आठवडाभर वहीत रोज तीन वेळा नोंद करा. दुखणे दहापैकी किती, त्या आधी काय काम केले, झोप कशी झाली. शेजारी दुखण्याचा मराठी शब्द लिहा.

२. घरातील कोणाला तरी पाठीवर नऊ ठिपके काढायला सांगा. एकदा पेनाच्या टोपणाने, एकदा बुचाने स्पर्श करावा. जागा आणि वस्तू दोन्ही ओळखा. चूक झाली तर लगेच बरोबर जागा सांगावी. दहा मिनिटे पुरेत. टोकदार वस्तू वापरू नये.

३. शवासन दहा मिनिटे करा. पाठीवर झोपवत नसेल तर कुशीवर चालेल. केवळ दुखरी नव्हे, न दुखणारी जागाही न्याहाळा. रोज सर्वांगाची हजेरी घ्या.

४. दुखले म्हणून काम सोडू नका आणि बरे वाटले म्हणून ढीग उपसू नका. वीस मिनिटांनी शीण येत असेल तर पंधराव्या मिनिटाला थांबा. दर आठवड्याला थोडे वाढवा.

५. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने रोज घेऊ नका. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मुळीच नाही.

६. सरावाने धास्ती, धडधड किंवा जुन्या वाईट आठवणी उफाळून आल्या तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा.

तालुक्याच्या ठिकाणी वेदनातज्ज्ञ नसेल, पण जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो. तेथे जाताना फोटोंच्या जाड पाकिटाबरोबर आपली आठवड्याची वही न्या. आणि घरात कोणी वर्षानुवर्षे "सगळीकडेच दुखते" म्हणत असेल तर "नेहमीचेच आहे" म्हणून उठून जाऊ नका. दहा मिनिटे त्यांच्या पाठीमागे बसा आणि नऊ ठिपके काढा. एवढ्या वेळात गोळीचा असरही सुरू होत नाही.